कासला गाडी नेण्याआधी: सेल न लागल्यास हाताशी काय हवं

पावसाळ्यात यवतेश्वरचा घाट चढून कासला आणि पुढे बामणोलीला जाणार असाल, तर साताऱ्यातून निघतानाच व्होल्ट मोजणारा एक डिजिटल मल्टिमीटर गाडीत टाका. वर गाडी अडली की मेकॅनिक खालून यावा लागतो. त्याला फोनवर नुसतं 'सुरूच होत नाही' सांगितलं तर तो अंदाजानेच येणार, आणि बहुतेक वेळा तो अंदाज बॅटरीचा असतो. न मोजता बॅटरी बदलायची आपली सवय मला अजिबात पटत नाही.

सोबत दहाचा पाना, पॉलिश पेपर, टॉर्च, जाड तारेची जम्पर केबल आणि गाडीत आहेत त्याच अँपिअरचे सुटे फ्यूज असू द्या: १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा. फ्यूजच्या जागी तार अडकवू नका, वायरिंग पेटतं.

आदल्या रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी दरवाजे न उघडता, लाइट न लावता बॅटरी मोजा. मीटर डीसी २० व्होल्टवर. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. मग कुणाला तरी सेल मारायला, म्हणजे किल्ली फिरवून स्टार्टर चालवायला, सांगा आणि आकडा बघत राहा. तो साधारण ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी थकलीय. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. १२ वरच अडकला तर चार्जिंगच होत नाही. बेल्ट आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर तपासा, नवी बॅटरीसुद्धा संध्याकाळपर्यंत उतरेल.

बॅटरी भरलेली असूनही सेल लागत नसेल, तेव्हा मीटरचं खरं काम सुरू होतं. एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खांबावर, दुसरं त्यालाच आवळलेल्या क्लॅम्पवर टेकवा आणि सेल मारायला लावा. आकडा जवळजवळ शून्य हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर करंट तिथेच अडतोय. क्लॅम्प सैल तरी असतो, नाहीतर आत पांढरा-हिरवट थर धरलेला असतो, बाहेरून दिसतही नाही. निगेटिव्ह खांब आणि इंजिनचा उघडा धातू यांच्यातही असंच मोजा, तिथे बॅटरीला इंजिन-बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी सडलेली सापडते. साफ करायला कोमट पाण्यात खायचा सोडा पुरतो. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी.

आवाज नीट ऐका. भराभर 'टकटकटक' म्हणजे बॅटरी किंवा टर्मिनल. एकच जड 'खट्' आला आणि लाइट मंद झाले नाहीत, तर संशय स्टार्टरवर. काहीच आवाज नाही, तर क्लच पूर्ण दाबलाय का बघा, मग फ्यूज आणि रिले (स्टार्टरला करंट सोडणारा स्विच).

जम्पर लावताना लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगलीच्या प्लसला; काळी चांगलीच्या मायनसला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब. उतारावर गाडी सोडून सुरू करायचा मोह घाटात आवरा. इंजिन बंद असताना ब्रेक दगड होतो, स्टिअरिंगही जड होतं.

सेल लागतोय, इंजिन फिरतंय, पण पेट घेत नाही, अशा वेळी बॅटरीला हात लावू नका. इंधनपंपाचा फ्यूज बघा, आणि डॅशबोर्डवर किल्लीचा दिवा लुकलुकत असेल तर गाडीला किल्ली ओळखता येत नाहीये. त्यासाठी घरातली दुसरी किल्लीही बरोबर घ्या.