विशीतच केस विरळ होऊ लागले तर : आधी कारण, मग उपाय

विशी-पंचविशीतल्या मुलाचे केस गळू लागले की सल्ला देणाऱ्यांची कमतरता राहत नाही. कोणी कांद्याचा रस सांगतो, कोणी बोअरच्या पाण्याला दोष देतो, कोणी हेल्मेटला. मात्र त्याचे डोके उजेडात धरून नीट पाहणारा सहसा कोणी नसतो. पुण्यात वसतिगृहात राहत असताना मीही पाण्यालाच कारण समजून जवळपास वर्ष घालवले आणि त्या काळात कपाळाच्या दोन्ही कडा मागे सरकल्या. जड पाण्याने केस राठ होतात, तुटतातही. परंतु कानशिलांच्या वरची आणि भोवऱ्याजवळची जागा नेमकी विरळ करणे हे पाण्याचे काम नव्हे. ते वर्ष दुसऱ्या कोणाचे वाया जाऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे गळालेले केस मोजणे थांबवावे. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यांतले 50 ते 100 रोज गळणे स्वाभाविक आहे, त्यामुळे दोन दिवसांआड नाहणाऱ्याच्या मोरीत केसांचा पुंजका दिसला तरी तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. पाहायचे असतात ते उरलेले केस. पुरुषांमधल्या आनुवंशिक टकलात केस मुळापासून एकदम झडतातच असे नाही. तिथे उगवणारा प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक, आखूड आणि फिका होत जातो आणि शेवटी बाळाच्या जावळासारखी लव तेवढी उरते. हा बदल रोज आरशात पाहून कळत नाही. म्हणून महिन्यातून एकदा, कोरड्या केसांचे, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी चार फोटो काढावेत : समोरून, दोन्ही कानशिलांकडून आणि वरून भोवऱ्याचा. चार महिन्यांचे फोटो शेजारी ठेवले की जे कळते ते रोजच्या निरीक्षणातून कधीच कळत नाही, आणि डॉक्टरांनाही त्याचा फार उपयोग होतो.

त्यानंतर कारण ओळखायचे. केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग सुमारे तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. मोठा ताप, शस्त्रक्रिया, झपाट्याने घटवलेले वजन किंवा तीव्र मानसिक आघात झाला की पुष्कळ केस एकाच वेळी या विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम झडू लागतात. पावसाळ्याच्या अखेरीस डेंग्यू होऊन गेलेल्या मुलाचे केस दिवाळीच्या पुढेमागे मूठमूठ येऊ लागतात ते यामुळेच. तापाचा त्याला विसर पडलेला असतो, म्हणून तो शाम्पू बदलत बसतो. ही गळती सगळ्या डोक्यावर सारखी असते आणि मूळ कारण दूर झाले असेल तर बहुधा सहा महिन्यांत थांबते. रक्तातले लोह, थायरॉईड आणि ड जीवनसत्त्व यांच्या तपासण्या डॉक्टर सांगतात त्या या शक्यतेसाठी. कमतरता आढळली तर ती अवश्य भरून काढावी. कमतरता नसताना बायोटीन या ब गटातल्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊन टक्कल थांबत नाही, उलट त्यांच्यामुळे थायरॉईडसारख्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई असण्याचा संभव जास्त. तो शरीराच्या प्रतिकारशक्तीशी निगडित आजार आहे आणि त्याची चिकित्सा वेगळी असते. डोक्याला खाज, खपल्या, पू किंवा दुखणे असेल तर मात्र महिना-दोन महिने वाट पाहू नये, कारण काही आजारांत केसाच्या मुळाशी व्रण होतो आणि तिथे केस पुन्हा येत नाही. गळती अचानक आणि आजूबाजूच्या अनेकांना एकाच वेळी होत असेल तर कारण बाहेरचे असते. 2024 च्या अखेरीस आणि 2025 च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यातल्या काही गावांत अवघ्या काही दिवसांत लोकांची डोकी उघडी पडली, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातल्या सेलेनियम या खनिजाच्या जादा प्रमाणाकडे बोट दाखवले होते. आनुवंशिक टक्कल असे कधी येत नाही; ते वर्षानुवर्षे, ठराविक जागांवरून येते.

तरुणांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा प्रकार हाच. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकापासून शरीरात डीएचटी नावाचे संप्रेरक तयार होते आणि ज्यांची केसमुळे जन्मतः त्याला संवेदनशील असतात त्यांची ती मुळे हळूहळू आक्रसतात. डोक्याच्या मागच्या आणि बाजूच्या केसांवर हा परिणाम फारसा होत नाही, म्हणून टक्कल पडलेल्या माणसालाही कडेची झालर उरते. ही प्रवृत्ती केवळ आईच्या वडिलांकडून येते हा समज अपुरा आहे. दोन्ही घराण्यांचा त्यात वाटा असतो. व्यायामशाळेत कोणी स्नायूंसाठी स्टिरॉइडची इंजेक्शने सुचवत असेल, तर घराण्यात टक्कल असलेल्याने हे जाणून घ्यावे की त्यांनी ही प्रक्रिया वेगाने पुढे जाते. तेल लावल्याने किंवा डोक्याचा गोटा केल्याने मूळ बदलत नाही. गोट्यानंतर केस दाट भासतात, कारण कापलेल्या केसाचे टोक बोथट असते.

उपचारांत आधार असलेली औषधे मुख्यतः दोन. मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबाचे औषध. डोक्याला लावण्यासाठी त्याला अमेरिकेत 1988 मध्ये मान्यता मिळाली. पुरुषांसाठी सहसा 5 टक्क्यांचे द्रावण, एका वेळी 1 मिलिलिटर, दिवसातून दोनदा, कोरड्या डोक्याच्या त्वचेवर लावतात. केसांवर ओतून उपयोग नाही. पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढू शकते, आणि नेमके इथेच बहुतेक मुले घाबरून बाटली टाकून देतात. ती वाढ म्हणजे जुने केस नव्यांना जागा देत असल्याची खूण असते. किमान चार ते सहा महिने लावल्याशिवाय निकाल ठरवू नये. घरात मांजर असेल तर अत्यंत जपावे, कारण हे औषध मांजरांना विषारी आहे. उशीला लागलेला थोडा अंशही धोक्याचा ठरतो.

दुसरे फिनास्टेराइड, रोज 1 मिलिग्रॅमची गोळी. ती डीएचटीची निर्मिती कमी करते आणि म्हणून गळती थांबवण्यात प्रभावी ठरते. मात्र मित्राच्या सांगण्यावरून मेडिकलमधून ती कधीही आणू नये. चाचण्यांमध्ये शंभरात एक-दोन पुरुषांना कामेच्छा कमी होणे किंवा ताठरता न येणे असा त्रास आढळला आहे. काहींच्या मनावर परिणाम होतो, आणि 2025 मध्ये युरोपीय औषध संस्थेने आत्महत्येचे विचार हा या गोळीचा एक दुष्परिणाम असल्याचे मान्य केले. ज्याला पूर्वी नैराश्य आले असेल त्याने ते डॉक्टरांना आधीच सांगितले पाहिजे. गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर रक्तदानही करू नये, कारण ते रक्त गर्भवतीला दिले गेल्यास पोटातल्या मुलग्याच्या वाढीला बाधा पोहोचू शकते. गणेशोत्सवात मंडळाच्या शिबिरात उत्साहाने उभे राहणाऱ्या मुलांना हे कोणी सांगत नाही.

दोन्ही औषधे घेत असाल तोवरच काम करतात आणि थांबवल्यावर काही महिन्यांत राखलेले केस जातात. म्हणून सुरू करण्यापूर्वी 'हे मी पाच वर्षे करू शकेन का, आणि करू इच्छितो का?' हा प्रश्न स्वतःला विचारावा. नाही हे उत्तरही तितकेच योग्य आहे.

केशरोपणाची घाई तर मुळीच करू नये. त्यात मागचे केस उचलून पुढे लावतात, नवे निर्माण करत नाहीत, आणि मागचा साठा मर्यादित असतो. बावीसाव्या वर्षी कपाळाची रेषा खाली आणली आणि पुढच्या दहा वर्षांत तिच्यामागचे केस गेले, तर पुढे एक पट्टा आणि मागे मोकळी जागा अशी अवस्था होते. लावलेले केस पहिल्या महिन्यात गळतात आणि खरा परिणाम दिसायला वर्ष लागते. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने स्पष्ट केले की ही शस्त्रक्रिया योग्य प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनीच करायची आहे. तेव्हा शस्त्रक्रिया प्रत्यक्ष कोण करणार, त्याची नोंदणी कोणती आणि भूल कोण देणार, हे लेखी विचारावे. उत्तरात टाळाटाळ दिसली तर तिथून उठून यावे.

उपचार करायचे नाहीत असे ठरले तर केस आखूड ठेवावेत. लांब केस ओढून जागा झाकली की ती जागाच डोळ्यांत भरते. सलूनमध्ये बाजू बारीक आणि वरचे थोडे मोठे असे सांगितले की फरक कमी जाणवतो. पूर्ण डोके सफाचट केले तर उन्हात टोपी घालावी आणि त्वचेला सनस्क्रीन लावावे.

स्थळे पाहणे सुरू असलेल्या मुलांवरचा ताण मी जवळून पाहिला आहे. बायोडाटाला चार वर्षांपूर्वीचा फोटो जोडू नये. भेटीच्या दिवशी तो फरक मुलालाच सर्वांत जास्त टोचतो. आजचा फोटो द्यावा, म्हणजे जे होकार देतील ते पाहून होकार देतील. नातेवाईक समारंभात डोक्यावरून बोलत असतील तर 'मावशी, हे सगळ्यांसमोर बोललेले मला आवडत नाही' असे एकदा शांतपणे सांगता येते. माझ्या घरात तेवढ्याने विषय थांबला. पण आरशासमोर तास जात असतील, कॉलेज किंवा नोकरीवर जाणे टळत असेल, झोप उडाली असेल, तर केसांच्या आधी मनावरच्या या ताणाचा उपचार करावा. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे, दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते.