चिनी निसर्गचित्र पाहताना या चुका टाळा

"बघितलं, पण काही खास वाटलं नाही बुवा." चिनी निसर्गचित्रांबद्दल हे वाक्य बरेचदा कानावर येतं. बहुतेक वेळा दोष चित्राचा नसतो, बघण्याच्या पद्धतीचा असतो.

लांबलचक गुंडाळी एका नजरेत पाहणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. वांग शिमंग या चिनी चित्रकाराचं १११३ सालचं रेशमावरचं चित्र जवळजवळ १२ मीटर लांब आहे, उंची मात्र अर्ध्या मीटरच्या आसपास. ते मोबाईलवर आडवं बसवलं की उरते एक निळी-हिरवी पट्टी. अशी चित्रं भिंतीवर टांगायची नसत. टेबलावर ठेवायची, हातभर उलगडायची, पाहून झालेला भाग गुंडाळायचा आणि पुढे सरकायचं, तेही उजवीकडून डावीकडे. म्हणून आधी चित्र उंचीने पडदाभर मोठं करा, उजव्या टोकाला जा आणि बोटाने हळूहळू सरकवा. पूल येतील, होड्या येतील, डोंगराच्या कुशीतली घरं येतील. पाच मिनिटं तरी द्या.

याच चित्रामुळे "चिनी म्हणजे नुसती काळी शाई" हा समजही निकालात निघतो. त्यातला निळा-हिरवा रंग खनिजांपासून केलेला आहे.

"त्यांना पर्स्पेक्टिव्ह येत नव्हतं"

इटलीत अल्बर्टी या लेखक-वास्तुकाराने १४३५ मध्ये पर्स्पेक्टिव्हचे, म्हणजे सपाट चित्रात खोली दाखवण्याचे, नियम लिहून काढले: बघणारा एका जागी उभा, चित्र म्हणजे खिडकी, मागे जाणाऱ्या रेषा एका बिंदूत मिळणार. आपण शाळेत हेच गिरवलं, त्यामुळे तेवढंच खरं वाटतं. पण चीनमध्ये गुओ शी या चित्रकाराने अकराव्या शतकातच तीन 'दूर', म्हणजे अंतर दाखवायच्या तीन तऱ्हा, सांगितले होते: पायथ्याशी उभं राहून शिखराकडे पाहणं, डोंगरासमोरून त्याच्या पाठीमागे डोकावणं आणि जवळच्या डोंगरावरून लांबच्या डोंगरांकडे पाहणं. त्याच्या १०७२ सालच्या 'वसंताची चाहूल'मध्ये नजर कुठे वर चढते, तर कुठे दरीत शिरते. एकच क्षितिजरेषा शोधत बसलात तर वैतागाल. त्यापेक्षा चित्रातली बारकी माणसं शोधा आणि त्यांच्या वाटेने चालू लागा.

पश्चिमेचं "समोर बसून", चीनचं "मनातून"

अर्धंच खरं. इंग्लंडच्या कॉन्स्टेबलचं 'द हे वेन' (१८२१) अगदी नदीकाठी बसून काढल्यासारखं दिसतं, पण ते लंडनच्या स्टुडिओत, आधीच्या अभ्यासचित्रांवरून उभं राहिलं. जर्मनीच्या फ्रीडरिकनेही धुक्यासमोर पाठमोऱ्या माणसाचं आपलं प्रसिद्ध चित्र वेगवेगळ्या ठिकाणची रेखाटनं जोडून केलं. उलट चिनी चित्रकार डोंगरात भरपूर भटकत. एलिमेंटरीला आपण 'स्मरणचित्र' काढायचो, ते आठवा. फक्त इथे आठवण अर्ध्या तासाची नाही, अनेक वर्षांच्या भटकंतीची असते.

कोरी जागा दिसली की "अपुरं राहिलंय" म्हणू नका. ते धुकं असतं किंवा पाणी. या प्रकाराचं चिनी नावच 'डोंगर-पाणी' आहे.

शिक्के आणि अक्षरं म्हणजे चित्राची नासाडी

पाश्चात्त्य चित्रावर कुणी नंतर लिहिलं तर गुन्हा. इथे मात्र चित्रकाराची कविता, मालकांचे लाल शिक्के, रसिकांच्या नोंदी हे सगळं चित्राबरोबर वाढत जातं. चित्र कुणाकुणाच्या हातांतून गेलं, ते त्यावरूनच कळतं. अर्थात अतिरेकही झाले, आणि त्यात अठराव्या शतकातल्या चीनच्या चियेनलुंग बादशहाचा हात धरणारा कुणी नाही.

हुआंग गोंगवांग या चित्रकाराने चौदाव्या शतकात फूचुन डोंगरांची लांब गुंडाळी रंगवली. १६५० मध्ये तिच्या मालकाने मरताना ती जाळायला सांगितली. पुतण्याने आगीतून ओढून काढली, तोवर तिचे दोन तुकडे झाले होते. पुढे अठराव्या शतकात मोठा तुकडा राजवाड्यात पोचला, पण बादशहाकडे त्याआधीच एक नक्कल आलेली होती. त्याने नक्कल खरी मानली आणि खरं चित्र खोटं ठरवलं. मग वर्षानुवर्षं त्या नकलेवर इतकं लिहिलं की कोरी जागा शोधावी लागते. खरं चित्र त्याच्या लेखणीतून बऱ्यापैकी सुटलं. आज तो मोठा तुकडा तैवानच्या तैपेईत आहे, छोटा चीनमधल्या हांगचौमध्ये. २०११ मध्ये तैपेईत दोन्ही एकत्र मांडले होते.