बॅकग्राउंड जॉब शिकताय? आधी या गोष्टी समजून घ्या (माझा अनुभव)

बॅकग्राउंड जॉब म्हणजे युजरला थांबवून न ठेवता मागे आपोआप चालणारं काम. टीममध्ये नवीन मुलं येतात त्यांना जँगो किंवा लारावेल (वेब ॲप बनवायची फ्रेमवर्क) बऱ्यापैकी येत असतं, एपीआय लिहितात, लॉगिन बनवतात, पण "हे काम रोज सकाळी आपोआप झालं पाहिजे" असं म्हटलं की क्रॉनची (ठरलेल्या वेळी कमांड चालवणारा युनिक्सचा प्रोग्राम) एक ओळ शोधून टाकतात आणि काम संपलं असं धरून चालतात. वेळ लावणं हा खरंच सगळ्यात सोपा भाग आहे हो. तो जॉब एकदाऐवजी दोनदा चालला तर काय, आणि चाललाच नाही तर कोणाला कळणार, या दोन प्रश्नांवर विचार करायला शिकलात की तुम्ही ज्युनिअर राहिला नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे.

मी हाऊसिंग सोसायट्यांच्या मेंटेनन्स बिलांच्या ॲपवर काम करतो, तर उदाहरण तिथलंच घेतो. सेक्रेटरी "बिलं तयार करा" बटण दाबतो, चारशे फ्लॅट, प्रत्येकाची पीडीएफ, प्रत्येकाला ईमेल. हे सगळं त्याच रिक्वेस्टमध्ये केलं तर गनिकॉर्नचा (जँगो ॲप चालवणारा सर्व्हर) टाइमआउट बाय डिफॉल्ट ३० सेकंदांचा असतो, तेवढ्यात तो वर्कर (काम करणारी प्रोसेस) मारून टाकतो आणि अर्ध्या लोकांना बिल गेलेलं, अर्ध्यांना नाही. म्हणून काम क्यूमध्ये (कामांच्या रांगेत) टाकायचं, युजरला लगेच "सुरू केलंय" सांगायचं आणि वेगळी प्रोसेस ते करत बसेल. इथपर्यंत सगळ्यांना कळतं.

क्रॉनला कमी लेखू नका, १९७० च्या दशकातल्या युनिक्सपासून तो चालू आहे आणि छोट्या ॲपला अजूनही पुरतो. फक्त तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, क्रॉनला तुमच्या टर्मिनलचा पाथ (कमांड कुठे शोधायच्या ती यादी) मिळत नाही त्यामुळे हाताने चालणारी स्क्रिप्ट तिथे चालत नाही, कमांडचा पूर्ण पत्ता द्या. दोन, तारखेच्या जागी १ आणि वाराच्या जागी सोमवार असं दोन्ही लिहिलंत तर तो "१ तारीख आणि सोमवार" असा अर्थ घेत नाही, तो १ तारखेलाही चालतो आणि दर सोमवारीही चालतो. तीन, टाइमझोन. क्लाउडवरचा सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतो, म्हणजे आपले सकाळचे ९ म्हणजे तिथले ३:३०, त्यामुळे मिनिटात ३० आणि तासात ३. सेलरीसुद्धा (पायथनमधलं बॅकग्राउंड जॉब चालवायचं टूल) बाय डिफॉल्ट यूटीसीच धरतं, टाइमझोन एशिया/कोलकाता असा स्वतः सेट करावा लागतो. आणि क्लायंट अमेरिकेतला असेल तर तिथे बहुतेक ठिकाणी मार्चमधल्या एका रविवारी रात्री २ नंतर थेट ३ वाजतात, मग अडीचचा जॉब कधी चालणार ते आधीच ठरवून ठेवा.

आता दोनदा चालण्याचं. आमच्याकडे "तीन तासांनी रिमाइंडर पाठव" असा टास्क सेलरीत काउंटडाउन (इतक्या वेळाने चालव) देऊन टाकलेला होता, ब्रोकर (क्यू सांभाळणारा) रेडिस. काही लोकांना एकच एसएमएस अनेकदा जायला लागला आणि कोडमध्ये तर काहीच चुकीचं दिसेना. कारण असं की रेडिस ब्रोकर असताना व्हिजिबिलिटी टाइमआउट बाय डिफॉल्ट एक तास असतो, तेवढ्यात टास्क पूर्ण झाल्याची पोच आली नाही की तो परत क्यूमध्ये येतो, दुसरा वर्कर उचलतो, आणि वेळ आली की सगळे मिळून पाठवतात. तेव्हापासून लांबची वेळ क्यूमध्ये ठेवायचीच नाही हा आमचा नियम आहे, ती डेटाबेसमध्ये लिहायची आणि दर पाच मिनिटांनी एक जॉब "कोणाची वेळ झालीये" एवढं बघतो. शिवाय रिमाइंडरच्या टेबलावर फ्लॅट, महिना आणि प्रकार या तिघांवर युनिक कन्स्ट्रेंट (तीच ओळ दुसऱ्यांदा घालता येत नाही), आधी तिथे ओळ घालायची, घातली गेली तरच एसएमएस. यातही ओळ घातली आणि पाठवायच्या आधी वर्कर मेला तर तो एसएमएस जातच नाही, तर कुठली चूक परवडते हे ठरवावं लागतं, रिमाइंडर एखादा चुकला तर चालतो पण रोज चार आले तर लोक चिडतात. पैसे कापायचे असतील तर मात्र पेमेंट गेटवेला आयडेम्पोटन्सी की (त्या रिक्वेस्टची एकच ओळख) पाठवाच, म्हणजे तीच रिक्वेस्ट परत गेली तरी पैसे एकदाच कापले जातात.

अजून एक प्रॉब्लेम, जो लोकल मशीनवर सहसा दिसत नाही. डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन चालू असतानाच टास्क क्यूत टाकला की वर्कर इतका पटकन उचलतो की बिलाची ओळ अजून कमिटच (पक्की जतन) झालेली नसते आणि "असं बिल नाही" अशी एरर येते. जँगोमध्ये ऑन-कमिट वापरा, म्हणजे कमिट झाल्यावरच टास्क क्यूत जातो. आणि टास्कला अख्खा ऑब्जेक्ट देऊ नका, आयडी द्या, वर्करने ताजी ओळ स्वतः वाचावी.

न चालण्याचं दुखणं वेगळं. सेलरी बीट (वेळ झाली की टास्क क्यूत टाकणारा) एकाच ठिकाणी चालवायचा, दोन चालवले तर प्रत्येक जॉब डबल, आणि तो एकच बंद पडला तर लॉगमध्ये लाल काहीच दिसत नाही कारण काही चाललेलंच नाही. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या जॉबने संपल्यावर वेळ लिहून ठेवावी आणि ती वेळ जुनी झाली की दुसऱ्याच कुठल्यातरी सिस्टीमने ओरडावं, त्याच सर्व्हरवरच्या नाही.

शिकायला सुरुवात सेलरीने करू नका असं मी सांगेन. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये जॉबचं एक टेबल करा, फॉर अपडेट स्किप लॉक्ड (दुसऱ्याने धरलेली ओळ सोडून पुढची घेणं) वापरून (पोस्टग्रेस ९.५ पासून आहे) दोन वर्कर स्वतः लिहा, दोघं एकच ओळ उचलत नाहीत हे डोळ्यांनी बघा. मग सेलरी घ्या, वीस सेकंद झोपणारा टास्क लिहा आणि मधेच वर्करची मुख्य प्रोसेस आणि तिच्या चाइल्ड प्रोसेस किल मायनस नाइनने (जबरदस्तीने, लगेच) मारा. डिफॉल्ट सेटिंगमध्ये टास्क सुरू व्हायच्या आधीच पोच दिलेली असते त्यामुळे तो गायब होईल, ॲक्स-लेट (काम संपल्यावर पोच) चालू करून परत मारलात तर तो परत येईल, पण रेडिसवर लगेच नाही, व्हिजिबिलिटी टाइमआउट संपल्यावर, म्हणून प्रयोगापुरता तो एका मिनिटावर आणून ठेवा.