स्मॉग चेकला जाण्याआधीचे २०० मैल

पीयूसीची सवय असलेल्या माणसाला कॅलिफोर्नियातला स्मॉग चेक पहिल्यांदा गमतीचा वाटतो. २००० किंवा त्यानंतरच्या पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये इथे कोणी नळी खुपसत नाही. स्टिअरिंगखालच्या ओबीडी (गाडीची स्व-तपासणी यंत्रणा) पोर्टला केबल लागते आणि गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच जबानी देतो. मार्च २०१५ पासून हे असंच चाललंय. त्यामुळे ‘धूर तर दिसत नाही, होईल पास’ हा हिशेब कामाचा नाही. गाडीने गेल्या काही दिवसांत स्वतःला तपासून काय नोंदवून ठेवलंय, ते बघितलं जातं. मॉडिफाय केलेल्या गाडीत पार्ट जितके नडतात, तितकाच कामांचा चुकलेला क्रम नडतो.

क्रम असा: आधी पार्ट, मग सॉफ्टवेअर, मग कोड (कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे क्रमांक) पुसणं, मग २०० मैल, आणि शेवटी स्मॉग.

पार्टपासून सुरुवात, कारण केबलबरोबर बॉनेटही उघडलं जातं. इनटेक (हवा आत घेणारा भाग), हेडर (इंजिनाला जोडलेले एक्झॉस्टचे पाइप), टर्बो किट असा प्रदूषणाशी संबंध असलेला कुठलाही बाहेरचा पार्ट असेल, तर त्याला कार्बचा (राज्याचं हवा-मंडळ, कार्ब्युरेटर नव्हे) ईओ (मंजुरी-आदेश) नंबर हवा. हा नंबर ‘डी’ने सुरू होतो आणि पार्टबरोबर स्टिकर येतो. तो खोक्यात ठेवू नका, बॉनेटखाली दिसेल असा चिकटवा. ईओ ठरावीक मॉडेल आणि वर्षांपुरताच असतो. मित्राच्या २०१० च्या गाडीला चालणारा इनटेक तुमच्या २०१३ च्या गाडीला चालेलच असं नाही. कॅटच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धूर स्वच्छ करणारा डबा) मागचा पाइप आणि मफलर बदलला असेल तर ईओ लागत नाही. चाकं, सस्पेन्शन, ब्रेक यांकडे कोणी बघतही नाही.

कॅटच्या बाबतीत मात्र सूट नाही. बदललेल्या कॅटच्या पत्र्यावर ईओ नंबर आणि प्रवाहाची दिशा दाखवणारा बाण ठोकलेला असतो. तो नंबर तुमच्या इंजिन फॅमिलीला (इंजिनाच्या प्रमाणन-गटाला) लागू आहे का, हे बॉनेटखालच्या स्टिकरवरून जुळवा. बाकी राज्यांत विकला जाणारा स्वस्त कॅट इथे नापासच होतो. टर्बो सुबारूला कॅट नसलेला डाउनपाइप (टर्बोच्या मागचा पाइप) लावला असेल, तर पुढचं वाचण्याआधी तो काढा. ऑक्सिजन सेन्सरला स्पेसर (सेन्सर बाहेर सरकवणारा तुकडा) लावून कॉम्प्युटरला फसवणं हीसुद्धा छेडछाडच. क्रँककेसची नळी तोडून तिच्या तोंडाला छोटा फिल्टर बसवला असेल, तर मूळ नळी परत जोडा. तपासणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते.

आता सॉफ्टवेअर. १९ जुलै २०२१ पासून तपासणीत ईसीयूचा (गाडीच्या कॉम्प्युटरचा) कॅलिब्रेशन आयडी, म्हणजे सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा नंबर, आणि सीव्हीएनही वाचला जातो. सीव्हीएन म्हणजे आतल्या प्रोग्रामची जणू बेरीज: मॅपमधला (इंजिन चालवणाऱ्या आकड्यांच्या तक्त्यातला) एक आकडा बदलला तरी ती बदलते, आयडी मात्र तोच राहू शकतो. कंपनीच्या नोंदीशी किंवा ईओ असलेल्या ट्यूनशी (बदललेल्या सॉफ्टवेअरशी) ती जुळली नाही, तर गाडी नापास. काही ट्यूनमध्ये नको ते मॉनिटर (गाडीने स्वतःच्या एकेका भागाची केलेली तपासणी) बंदच करून टाकलेले असतात. तेही लपत नाही, कारण त्या मॉडेलला कोणते मॉनिटर असायला हवेत हे तपासणीच्या यंत्रणेला माहीत असतं. उपाय दोनच: मूळ सॉफ्टवेअर परत टाकणं, नाहीतर ईओवाला ट्यून. पास झाल्यावर जुना ट्यून पुन्हा चढवायचा विचार असेल, तर राज्याच्या वाहन कायद्याचं कलम २७१५६ एकदा वाचा.

इथेच सगळ्यात नेहमीची चूक होते. आदल्या रात्री स्टॉक मॅप फ्लॅश केला (मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं), कोड पुसले, सकाळी स्मॉगला गाडी हजर. फ्लॅश करताना, कोड पुसताना, आणि बऱ्याच गाड्यांत बॅटरीची वायर काढली तरी, सगळे रेडिनेस मॉनिटर ‘अपूर्ण’ होतात. चेक इंजिनचा दिवा बंद असतो, गाडी लोण्यासारखी चालते, आणि तरी नापास. २००० किंवा त्यानंतरच्या पेट्रोल गाडीत फक्त इव्हॅप, म्हणजे टाकीतल्या वाफेचा मॉनिटर, अपूर्ण चालतो. बाकी सगळे पूर्ण हवेत. १९९६ ते १९९९ च्या गाडीला कुठलाही एक माफ आहे.

२०१० पासूनच्या गाड्यांना आणखी एक अट: पर्मनंट कोड. हे स्कॅनरने पुसता येत नाहीत. दोष खरंच गेला याची खात्री पटली की कॉम्प्युटर स्वतःच ते काढतो. मात्र कोड पुसल्यानंतर गाडी किमान २०० मैल चालली असेल आणि १५ वॉर्म-अप झाले असतील, तर तपासणीत ते धरत नाहीत. वॉर्म-अप म्हणजे कूलंट निदान ४० अंश फॅरनहाइटने वाढून १६० च्या वर जाणं. त्यामुळे एकाच दिवशी लॉस एंजेलिसला जाऊन आलात तर मैल भरतील, पण १५ चा आकडा भरणार नाही. रोज ऑफिसला जाणं-येणं धरलं तर साधारण दीड आठवडा लागतो.

हे दिवस वाया घालवू नका. टाकी पाव ते पाऊण ठेवा. १५ टक्क्यांच्या खाली किंवा ८५ च्या वर बहुतेक गाड्यांत इव्हॅपची तपासणी सुरूच होत नाही. गाडी रात्रभर, निदान ८ तास, गार होऊ द्या. सकाळी सुरू करून दोन-तीन मिनिटं जागेवर चालू ठेवा, मग फ्रीवेवर ५५ ते ६० मैलांच्या स्थिर वेगाने दहा मिनिटं चालवा. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर अॅक्सिलरेटर सोडून, गिअर तसाच ठेवून, ब्रेक न लावता वेग २० पर्यंत उतरू द्या. शेवटी सिग्नलवाल्या रस्त्यावर थोडं थांबत-निघत चालवा. नेमका क्रम गाडीगणिक बदलतो. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तुमच्या गाडीचा दिलेला असतो. साध्या ब्लूटूथ स्कॅनरवर रोज रात्री तीन गोष्टी बघा: मॉनिटर किती पूर्ण झाले, कोड पुसल्यापासून अंतर किती, वॉर्म-अप किती. अंतर किलोमीटरमध्ये दिसलं तर ३२२ हा आकडा लक्षात ठेवा.

मॉनिटर पूर्ण होता होता कोड परत आला, तर तो पुसू नका, वाचा. इनटेक बदललेल्या गाडीत पी०१७१ (हवेच्या मानाने इंधन कमी) आला तर तेल लावलेला फिल्टर हा पहिला संशयित. तेल जास्त झालं की ते उडून हवा मोजणाऱ्या एमएएफच्या तारेवर बसतं आणि हवा कमी मोजली जाते. एमएएफ क्लीनरच वापरा, ब्रेक क्लीनर नको. पी०४२० (कॅट नीट काम करत नाही) आला की कॅट गेला असं धरून लगेच नवा मागवू नका. हेडर किंवा डाउनपाइपच्या गॅस्केटमधून हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला खोटी माहिती मिळते. गार इंजिन सुरू करून जोडाजवळ कान द्या: टक-टक येत असेल आणि इंजिन तापल्यावर थांबत असेल, तर आधी गॅस्केट. पी०४५५ (टाकीतल्या वाफेची मोठी गळती) दिसला तर पेट्रोलच्या झाकणाचं रबर बघा.

तपासणीच्या दिवशी गाडी वीसेक मिनिटं चालवून गरम असतानाच न्या. ओबीडीतला स्कॅनर किंवा इन्शुरन्सचा डोंगल काढा. ईओच्या प्रती पुढच्या सीटवर असू द्या. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, चेक इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे. बल्ब गेला असेल तर तेवढ्यावरही गाडी नापास होते. इंजिनच बदललं असेल तर नेहमीच्या स्मॉग स्टेशनला न जाता रेफरीची (अशा खास गाड्या तपासणाऱ्या राज्याच्या केंद्राची) अपॉइंटमेंट घ्या. इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा त्यानंतरचं हवं, आणि त्याचं सगळं प्रदूषण-नियंत्रणाचं सामान सोबत बसवलेलं हवं. रेफरी तपासून गाडीवर लेबल लावतो, मग पुढच्या वेळी साधं स्टेशन चालतं. पास सर्टिफिकेट ९० दिवस चालतं, तेव्हा डीएमव्हीची (गाड्यांची नोंदणी करणाऱ्या खात्याची) नोटीस आली की त्याच आठवड्यात स्कॅनर लावा. २०० मैल शेवटच्या शनिवारी भरत नाहीत.