भाड्याचे विमान आणि परतीचे प्रवासी : एफएसइकॉनॉमीतील पहिली पावले

संगणकावरील उड्डाण सिम्युलेटरवर बरेच तास उडून झाले की प्रत्येकाला कधी ना कधी प्रश्न पडतो, की आज कुठे जायचे आणि कशासाठी जायचे. या ‘कशासाठी’ला उत्तर मिळावे म्हणून उड्डाणाच्या आभासी अर्थव्यवस्था उभ्या राहिल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ मध्ये तर करिअरची सोय आतच दिलेली आहे. तरीही नवख्याने एफएसइकॉनॉमी या आभासी अर्थव्यवस्थेपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. ती विनामूल्य आहे, मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरबरोबर एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरवरही चालते, आणि मुख्य म्हणजे तिच्यातील विमाने सर्व वैमानिकांच्या सामाईक वापरात असतात. तुम्ही विमान ज्या विमानतळावर सोडाल तिथेच ते पुढच्या वैमानिकाला सापडते, आणि टाकीत जेवढे इंधन उरले असेल तेवढ्याच इंधनासह सापडते.

व्यवहाराची रीत सोपी आहे. संकेतस्थळावर विमानतळानुसार कामे लागलेली असतात : इतके प्रवासी किंवा इतका माल, इथून तिथे, इतक्या व्ही-डॉलरना, म्हणजे तिथल्या आभासी चलनात. त्यातील काम निवडून आपल्या उड्डाणात घालायचे, त्याच विमानतळावर उभे असलेले विमान भाड्याने घ्यायचे, सिम्युलेटरशी जोडणारा छोटा प्रोग्रॅम चालू करायचा आणि उडायचे. प्रवाशांचे वजन आणि इंधन हा प्रोग्रॅमच सिम्युलेटरमध्ये भरतो. मात्र भाड्याने घेतलेले विमान आणि सिम्युलेटरमध्ये निवडलेले विमान एकाच प्रकारचे असावे लागते.

आपल्याला पुणे-जुहू उडावेसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तिथे भाड्याचे विमान उभे असेलच असे नाही. एफएसइकॉनॉमीत वैमानिक एका जागी बांधलेला नसतो, तो जगातील कोणत्याही विमानतळावरचे विमान घेऊ शकतो. म्हणून पहिल्या महिन्यात जिथे लहान विमानतळ एकमेकांना लागून आहेत असा प्रदेश निवडावा. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील सॅन वान बेटे मला त्यासाठी फार योग्य वाटतात. सिएटलच्या बोइंग फील्ड या विमानतळावरून त्या बेटांवरचे फ्रायडे हार्बर सुमारे ६५ सागरी मैलांवर आहे, खाली बहुतेक वाट पाणी आणि बेटे दिसत राहतात, आणि तिथली साधारण ३,४०० फुटांची धावपट्टी सेस्ना १७२ या चार आसनी लहान विमानाला पुरून उरते.

विमान घेताना ‘वेट’ आणि ‘ड्राय’ असे दोन दर दिसतील. वेट दरात इंधन धरलेले असते, ड्राय दरात ते वेगळे मोजावे लागते. हिशोब अंगवळणी पडेपर्यंत वेट दरानेच विमान घ्यावे. भाडे इंजिन चालू असलेल्या वेळेवर लागत असल्याने नकाशा, हवामान आणि रेडिओ हे सर्व इंजिन सुरू करण्यापूर्वीच आटोपून घ्यावे. विमान किती वेळ अडवून ठेवता येईल याची मर्यादाही मालकाने घातलेली असते, आणि ती वेळ विमान घेतल्या क्षणापासून धावू लागते; तेव्हा सिम्युलेटर तयार ठेवूनच विमान घेणे शहाणपणाचे.

त्याखेरीज ‘बोनस’ नावाची एक रक्कम असते, आणि नवे लोक नेमके तिच्याकडेच दुर्लक्ष करतात. प्रत्येक विमानाला एक घर असते. घरापासून दूर नेल्यास दर १०० सागरी मैलांमागे ठरलेली रक्कम तुमच्याकडून कापली जाते आणि घराकडे आणल्यास तीच तुम्हाला मिळते, म्हणजे विमाने भलतीकडे विखुरली जाऊ नयेत अशी ही तजवीज आहे.

आता एक फेरी मांडून पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. बोइंग फील्डला घर असलेली १७२, वेट दर ताशी १२०, बोनस २०. तीन प्रवाशांचे फ्रायडे हार्बरपर्यंतचे ३६० व्ही-डॉलर ठरले. इंजिन पाऊण तास चालले, म्हणून भाडे ९०. घरापासून ६५ मैल दूर गेल्याचे १३ कापले गेले. दोन्ही विमानतळांवर एफबीओ, म्हणजे इंधन व देखभालीचे केंद्र, असेल तर त्यांच्या मालकांचे प्रत्येकी ५ टक्के धरून ३६ गेले. पदरात पडले २२१. इथवर सारे छान दिसते. पण तिथून विमान रिकामे परत आणले, तर भाड्याचे ९० जातात, बोनसचे १३ मिळतात आणि दीड तासाच्या मेहनतीचे १४४ उरतात. त्याच परतीला २४० देणारे दोन प्रवासी मिळाले, तर परतीचे १३९ धरून एकूण ३६० होतात. ट्रकवाले ज्याला रिटर्न भाडे म्हणतात, त्यावरच हा सगळा धंदा उभा आहे. म्हणून जाण्याचे काम घेण्यापूर्वी परतीच्या विमानतळावर कोणती कामे लागली आहेत ते आधी पाहावे. मोठ्या रकमेचे पण आडबाजूला नेऊन सोडणारे काम बहुधा सोडून देणेच हिताचे ठरते.

वजनाचा विचारही काम घेतानाच करावा. सेस्ना १७२ च्या ‘एस’ या प्रकारात माणसे, सामान आणि इंधन मिळून सुमारे ४०० किलो बसतात. एफएसइकॉनॉमी प्रत्येक माणसाचे ७७ किलो धरते, म्हणजे वैमानिकासह चौघांचे ३०८. उरलेल्या ९२ किलोंत साधारण ३४ गॅलन इंधन मावते आणि ताशी नऊ गॅलनच्या हिशोबाने ते साडेतीन तासांहून अधिक पुरते. त्यामुळे ६५ मैलांसाठी टाकी काठोकाठ भरण्याचे कारणच नाही.

उड्डाण संपवण्याची पद्धत कसोशीने पाळावी. जागेवर थांबून, पार्किंग ब्रेक लावून, इंजिन बंद करावे आणि नोंद झाल्याचा संदेश डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सिम्युलेटर बंद करू नये. माझ्या दुसऱ्याच फेरीत मी सुरेख उतरलो आणि इंजिन चालू असतानाच सिम्युलेटर बंद केला. संकेतस्थळावर पाहिले तेव्हा विमान आणि तिघे प्रवासी अजून बोइंग फील्डवरच होते. ती संध्याकाळ मी पुन्हा तेच ६५ मैल उडण्यात घालवली, आणि तेव्हापासून शेवटची तपासणी यादी वाचून दाखवल्यासारखी मोठ्याने म्हणतो.

थोडी शिल्लक जमली की स्वतःचे विमान घेण्याची ओढ लागते. ती मी समजू शकतो, पण घाई करू नये. मालक झालात की दर १०० तासांची तपासणी तुमच्या खर्चाने होते आणि ती झाल्याशिवाय विमान भाड्याने जात नाही. पुढे इंजिनाच्या दुरुस्तीचा मोठा खर्चही येतो. त्याआधी वीसेक फेऱ्यांचा जमाखर्च वहीत लिहावा : भाडे, बोनस, एफबीओची टक्केवारी आणि परतीला किती जागा भरल्या. ज्या दोन-तीन विमानतळांदरम्यान परतीच्या जागा सातत्याने भरलेल्या दिसतील, त्यांपैकीच एकाला आपल्या पहिल्या विमानाचे घर करावे.