स्पॅनिश शब्दांचे तद्भव रूप

स्पॅनिश शिकताना इंग्रजीशी जुळणारे शब्द आधी पाठ करावेत, हा सल्ला मी सुरुवातीला निष्ठेने पाळला. 'नासिओन', 'इंपोर्तान्ते' अशा शब्दांपर्यंत तो कामी आला. परंतु 'ओर्नो' म्हणजे भट्टी, 'ओखा' म्हणजे पान, 'लेचे' म्हणजे दूध, या घरगुती शब्दांचे इंग्रजीशी काही नाते असेल असे वाटेना.

उलगडा झाला तो मराठी व्याकरणातील तत्सम-तद्भव भेदामुळे. 'हस्त' झिजून 'हात' झाला, तसेच लोकांच्या तोंडी राहिलेले लॅटिन शब्द स्पेनमध्ये झिजले. इंग्रजीत मात्र लॅटिन शब्द १०६६ मध्ये फ्रेंचभाषक नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंचमार्गे आणि पुढे विद्वानांच्या लेखनातून आले, म्हणून त्यांत मूळ रूप पुष्कळदा अधिक शाबूत दिसते. शब्दारंभीचा लॅटिन 'फ' स्पॅनिशमध्ये अनेकदा 'ह' झाला आणि नंतर तोही उच्चारातून गेला, हे कळल्यावर 'ओर्नो'मागे 'फुर्नुस' आणि इंग्रजी 'फर्नेस', तर 'ओखा'मागे 'फोलिया' आणि 'फोलिएज' दिसू लागले. मुंगीला 'ओर्मीगा' म्हणतात. तिचा लॅटिन 'फॉर्मिका' रसायनशास्त्रातील फॉर्मिक आम्लात टिकून आहे. 'क्त'चा 'च' होतो, म्हणून 'लेचे'शेजारी 'लॅक्टोज' आणि आठ या अर्थाच्या 'ओचो'शेजारी 'ऑक्टोबर' मांडता येतो, कारण जुन्या रोमन पंचांगात तो आठवा महिना होता.

किल्लीसाठीचा 'याबे' हा शब्द मला विशेष प्रिय आहे. लॅटिन 'क्लाविस'पासून स्पॅनिशने 'याबे' केले आणि पोर्तुगीजने जे रूप घडवले, तेच आपल्याकडे 'चावी' म्हणून रुळले. 'पगार'ही पोर्तुगीजमधूनच आला. स्पॅनिशमध्ये 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणे आणि इंग्रजी 'पे' त्याच लॅटिन मुळाचा.

नवशिक्यांनी वहीत स्पॅनिश, लॅटिन आणि इंग्रजी असे तीन रकाने आखावेत, पण केवळ कानावर विसंबून ते भरू नयेत. 'एक्सितो' आणि 'एक्झिट' यांचे मूळ एकच असले तरी स्पॅनिश शब्दाचा अर्थ यश असा आहे. 'मुचो' आणि 'मच' यांचे तर अर्थही जुळतात आणि तरीही नाते नाही. मी ते बरेच दिवस सख्खे मानले होते. रिआल अकादेमिया एस्पान्योला या स्पॅनिश भाषेच्या अधिकृत संस्थेचा शब्दकोश आंतरजालावर विनामूल्य आहे आणि त्यात शब्दांची व्युत्पत्तीही दिलेली असते. तिथे 'मुचो'ची नोंद उघडली की 'मुल्तुस' सापडतो, आणि इंग्रजीतला खरा नातलग 'मल्टिपल' निघतो.