स्ग्रोपिनो घरी करताय? मिक्सर आधी कपाटात ठेवा

लिंबाचं सोर्बे (दूध न घालता गोठवलेलं पाणी, साखर आणि रस), थंडगार स्पार्कलिंग म्हणजे बुडबुड्यांची वाईन, हवी तर थोडी व्होडका. व्हेनिसकडचं स्ग्रोपिनो म्हणजे एवढंच. तिकडच्या बोलीत नावाचा अर्थ गाठ सोडवणं, जड जेवणाने पोटात बसलेली गाठ. वाईन आपल्या नाशकात दारात पिकते, तरी ज्याच्या घरी जावं तिथे हे बिघडलेलंच मिळतं. जीव तुटतो अगदी.

सगळ्यात वाईट चूक मिक्सरची. मागच्या मे महिन्यात माझ्या धाकट्या दिराकडे पंधरा माणसं जेवायला होती. सोर्बे दगड झालेलं, म्हणून त्याने ते आणि वाईन एकत्रच मिक्सरच्या भांड्यात घातलं, झाकण दाबून धरलं आणि बटण फिरवलं. वाईनमधला वायू एकदम सुटला नि झाकण उडालं. ओटा, टाइल्स, त्याचा शर्ट, सगळं चिकट. भांड्यात उरलं त्यात बुडबुडा म्हणून नव्हता.

मी रवी वापरते. ताकाची नव्हे, वेगळी ठेवलेली, नाहीतर वास उतरतो. स्टीलचं पातेलं अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवायचं, त्यात सोर्बे घालून रवीने मऊ करायचं आणि मग वाईन कडेकडेने, तीन-चार वेळा थोडी थोडी सोडायची. वाईन पडल्यावर घुसळायचं नाही, रवी नुसती फिरवायची. पातळ श्रीखंडासारखी धार पडली की थांबायचं.

आता सोर्बे दगड का होतं? साखर कमी घातल्याने. साखर तिथे फक्त गोडीला नसते, ती पाण्याला पूर्ण गोठू देत नाही. अर्धा लिटर पाण्याला 250 ग्रॅम साखर, एक उकळी, पूर्ण गार झाल्यावर 150 मिली लिंबाचा रस. चाखून ‘फार गोड झालं’ म्हणून घाबरू नका, गोठल्यावर गोडी कमी लागते. तब्येतीच्या नावाखाली निम्मी साखर घालणाऱ्यांनी सरळ लिंबू सरबत प्यावं. दर पाऊण तासाने काट्याने खरवडायचं, चार-पाच वेळा. ‘दोन तासांत होईल का?’ असं मला दरवेळी विचारतात. नाही होत. आदल्या दिवशी लावा.

व्होडका सोर्बेतच ओतून गोठवायला ठेवू नका, घट्ट व्हायचंच नाही.

सोर्बेऐवजी दुधाचं आईस्क्रीम नको, ते लिंबाच्या रसात फाटतं. बाटलीतला तयार रस तर नकोच.

आपलं कागदी लिंबू आणि इटलीचं जाड सालीचं पिवळं लिंबू ही वेगळी फळं. आपल्या लिंबाची साल पातळ, त्यामुळे ती सोर्बेत किसून घालायची तर हात हलका हवा. पांढरा भाग आला की कडवटपणा आलाच.

वाईन ब्रूटच घ्या. तिच्यात लिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर असते. सोर्बे गोड असताना गोड वाईन कशाला? आणि गंगापूर धरणाकडच्या वायनरीतून गाडीत हिंदकळत, उन्हात तापत आलेली बाटली घरी पोचल्या पोचल्या उघडली तर अर्धी फरशीवर जाते. रात्रभर फ्रीजमध्ये उभी ठेवा. उघडताना बूच घट्ट धरून बाटली फिरवा.

ग्लासही गार करा. ओतलं की लगेच द्या, थोड्या वेळात वर फेस आणि खाली पाणी असं फुटतं. पाहुणे गच्चीवर असले तर मी त्यांनाच स्वयंपाकघरात बोलावते.